हुंड्यात बोललेला किल्ला

लग्नात आंदण म्हणून काय काय देतात? भांडीकुंडी, कपाट, फार तर एखादी दुभती गाय. पण आख्खा किल्ला आंदण दिलेला ऐकलाय कधी? आपल्या सोलापूरचा भुईकोट किल्ला एकदा नव्हे, दोनदा हुंड्यात बोलला गेलाय, बरं का!

त्याचं असं झालं. 1490च्या सुमारास बहमनी राज्य फुटू लागलं. विजापुरात आदिलशाही आणि अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) निजामशाही उभी राहिली. सोलापूर पडलं नेमकं दोघांच्या सीमेवर. इथून विजापूर जेमतेम शंभर किलोमीटर. हा किल्ला निजामशहाकडे गेला, की शत्रू विजापूरच्या दाराशीच येऊन बसणार! म्हणून किल्ला दोघांनाही हवा होता.

भांडून दमल्यावर दोघांनी सोयरीक जुळवली. 1524च्या सुमारास इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचं बुऱ्हाण निजामशहाशी लग्न झालं, तेही सोलापुरातच. हुंड्यात सोलापूर द्यायचं, असं बोलणं झालं होतं. लग्न पार पडलं, पण किल्ला काही मिळेना. आदिलशहाने चक्क कानावर हात ठेवले! मग काय, निजामशहा फौज घेऊन चालून आला आणि हरून परत गेला. पुढे चाळीसेक वर्षं हा तंटा धुमसतच राहिला.

1564 साली मात्र विजयनगरच्या बलाढ्य राज्याविरुद्ध दोघांना एकत्र यायचं होतं. हुसेन निजामशहाने आपली लेक चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि सोबत सोलापूरचा किल्लाही. अलीची बहीण नगरच्या घरात सून म्हणून गेली. लगेच जानेवारी 1565 मध्ये राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला.

ही गोष्ट वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, चांदबीबीला कुणी विचारलं होतं का हो?"

किती नेमका प्रश्न! तेव्हा ती होती साधारण चौदा वर्षांची. तहात किल्ला जसा दिला, तशीच तीही दिली गेली. पण पुढे काय झालं, ऐका. 1580 मध्ये पती गेल्यावर तिने लहानग्या इब्राहिम आदिलशहाचा सांभाळ केला, कारभारात लक्ष घातलं. 1595-96 मध्ये मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तटाला खिंडार पडलं, तेव्हा ती स्वतः तिथे उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. जिच्यासोबत एक किल्ला देऊन टाकला होता, तिनेच माहेरचा किल्ला राखला! 1600 साली मात्र तिच्याच बाजूच्या लोकांनी तिला ठार मारलं.

आपल्या देशात 1961 पासून हुंडा देणं-घेणं हा कायद्याने गुन्हा आहे. तरी तो अजून पुरता थांबलेला नाही. पुढच्या वेळी भुईकोट बघायला जाल, तेव्हा त्याचे बुरूज जरूर मोजा. आणि आईबाबांना मरियम-चांदबीबीची गोष्ट सांगून त्या मुलीचा प्रश्नही विचारा. बघा, काय उत्तर मिळतं!