जुन्या मोटारीला कोणते तेल घालावे?

बैलगाडीच्या आसाला वंगण नसले की चाक कुरकुरते. गाडीवानाला लगेच कळते. मोटारीचे इंजिन असे सांगत नाही. ते मुकाट झिजत राहते, आणि आपल्याला कळते तेव्हा हजारो रुपयांचे काम निघालेले असते.

जुन्या गाड्यांपैकी आपण फियाट घेऊ. ती कुर्ल्याच्या कारखान्यात होत असे. पुढे तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईत ती वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून धावली. २०२३ साली ते काम संपले. पण हौसेने सांभाळलेल्या फियाटी अजून आहेत. अशा गाडीचा मालक दुकानात जातो आणि म्हणतो, "सगळ्यांत नवं, भारी तेल द्या." इथेच तो फसतो.

तेलाच्या डब्यावर आकडे असतात. एकावर ०डब्ल्यू-२०, दुसऱ्यावर २०डब्ल्यू-५०. हे आकडे किमतीचे नव्हेत. तेल पातळ की दाट, ते यावरून कळते. काकवी थंडीत घट्ट होते, चुलीजवळ ठेवली की भराभर वाहते. तेलाचंही तसंच. पहिला आकडा थंड तेलाचा, शेवटचा तापलेल्या तेलाचा. आकडा मोठा तेवढे तेल दाट.

नव्या इंजिनात भागांमधली फट फार बारीक असते. तिथे पातळ तेल हवे. फियाटचे इंजिन जुन्या घडणीचे, त्यात इतक्या वर्षांची झीज. पातळ तेल फटींतून निसटते, तेलाचा दाब पडतो, लाल दिवा मिणमिणू लागतो. आपला उन्हाळाही कडक. म्हणून तिला २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० बरे. याहून दाट मात्र नको. फार दाट तेल सकाळी वरपर्यंत चढायला वेळ लावते, आणि तोवर लोखंड लोखंडावर घासते.

आता दुसरी गोष्ट. ही पुष्कळ गाडीवाल्यांनाही ठाऊक नसते. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरतो. त्याला फुगवटे असतात. जुन्या इंजिनात हे फुगवटे टॅपेटच्या सपाट तळावर घासत जातात. सगळा भार एका बारीक रेघेवर येतो. तिथे नुसते तेल टिकत नाही. म्हणून तेलात जस्त आणि फॉस्फरस असलेले एक औषध घालतात. ते लोखंडावर पातळ थर धरते. पण नव्या गाड्यांच्या धुराड्यात धूर स्वच्छ करणारे यंत्र असते, ते फॉस्फरसने बिघडते. म्हणून नव्या पातळ तेलांत हे औषध कमी केले आहे. साठ-सत्तर सालच्या गाडीत ते यंत्रच नाही. तिला औषध पुरेसे असलेले तेल हवे. दुकानदाराला सरळ विचारा, "जुन्या गाडीसाठी जस्त जास्त असलेलं तेल आहे का?"

डब्यावरची अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. भिऊ नका. गाडीच्या पुस्तकातला आकडा चिठ्ठीवर उतरवून न्या आणि डब्याशी ताडून पाहा.

गाडी बरीच वर्षे उभी असेल, तर आधी मिस्त्रीकडून ऑइल चेंबर उघडून धुवून घ्या. नाहीतर चांगले तेल आतला जुना मळ सोडवते, तो जाळीत अडकतो, आणि तेल वर चढतच नाही. जुने काळे तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते डब्यात भरून गॅरेजवर द्या.