स्वस्त जेवणाचा हिशेब

मिरजेच्या कष्टकरी घरांतले रात्रीचे जेवण म्हणजे शाळूची भाकरी, पिठले आणि कांदा. हे अन्न स्वस्तच असणार, असे जाणतेही गृहीत धरतात. वस्तुतः शाळू आज गव्हाहून महाग आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. योजना निःसंशय उपकारक. परंतु दिवसाकाठी हे माणशी जेमतेम १६७ ग्रॅम होते, आणि तेही मुख्यतः गहू-तांदूळ. डाळ, तेल, तिखटमीठ, इंधन यांना बाजारभावच मोजावा लागतो. देशाची खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागते. मलेशियात पामतेल कडाडले की लक्ष्मी मार्केटात पिशवी घेऊन आलेल्या गृहिणीची फोडणी आटते.

मग मेळ बसतो कसा? वाटीभर बेसनाचे पिठले पाच जणांत पुरवले जाते, आमटीत पाणी वाढते. (याला काटकसर म्हणून गौरवण्याची आपली रीत आहे.) एवढे करूनही तूट उरली, तर सर्वांच्या मागून जेवणारी ती आपल्या पानातून भरून काढते. सरकारी खर्च-पाहणीत कुटुंबाचा एकूण आकडा लिहिला जातो. तिने न खाल्लेली अर्धी भाकरी त्यात दिसत नाही.