संदर्भसूचीतील कालनिर्देश : संगणकीय अक्षरजुळणीच्या संदर्भात काही विचार

पालि साहित्याच्या अभ्यासकाला संदर्भसूची तयार करताना सर्वाधिक अडचण येते ती ग्रंथाच्या प्रकाशनवर्षाची. आपल्या विषयाचे ग्रंथ एकाच देशात अथवा एकाच कालगणनेत छापलेले नाहीत. लंडनच्या आवृत्तीवर इसवी सन असतो, बँकॉकच्या आवृत्तीवर बुद्धसंवत्, तर जुन्या मराठी ग्रंथांवर पुष्कळदा केवळ शके. ही वर्षे जशीच्या तशी सूचीत उतरवली, तर अभ्यासाचा इतिहासच उलटासुलटा होतो. शके १८६२ मधील मराठी ग्रंथ नुसता '१८६२' असा नोंदवला, तर तो १८८१ मध्ये स्थापन झालेल्या पालि टेक्स्ट सोसायटीच्याही आधीचा ठरतो. आणि बुद्धसंवत् २४७० चा थाई ग्रंथ सूचीच्या अगदी अखेरीस जाऊन बसतो. कोणी कोणाचे वाचून लिहिले, हे ठरविण्याचे साधनच त्यामुळे हातचे जाते.

लाटेक या अक्षरजुळणी-प्रणालीत संदर्भसूचीचे काम दीर्घकाळ बिबटेक या साधनाने होत आले. त्यात काळासाठी दोनच रकाने होते : 'इयर' आणि 'मंथ'. पहिल्यात काहीही लिहिले तरी ते तसेच छापले जाई. नंतर आलेल्या बिबलाटेक या संचात व त्याच्या 'बीबर' या सहायक आज्ञावलीत 'डेट' हा एकच रकाना मुख्य मानलेला आहे. (रकान्यांची नावे प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकावयाची असतात.) या रकान्यात प्रथम चार अंकी वर्ष, मग आडवी रेघ व दोन अंकी महिना, पुन्हा रेघ व दोन अंकी दिवस, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम पाळावा लागतो. केवळ वर्ष ठाऊक असेल तर केवळ वर्ष लिहावे. अंक रोमनच असावेत. सूचीत ते कसे दिसावेत हा प्रश्न निराळा.

या पद्धतीचे मर्म हे की, माहिती एकदा नोंदवायची आणि तिचे दृश्य रूप संचाला ठरवू द्यायचे. सूचीत फक्त वर्ष हवे असल्यास संचाच्या 'डेट' या पर्यायाला 'इयर' हे मूल्य द्यावे. महिन्याच्या नावासह पूर्ण तारीख हवी असल्यास 'लाँग', अंकांत आटोपशीर हवी असल्यास 'शॉर्ट'. संकेतस्थळ पाहिल्याची तारीख 'यूआरएलडेट' या स्वतंत्र रकान्यात जाते व तिचे रूपही स्वतंत्रपणे ठरविता येते. एका नियतकालिकाला वर्ष पुरते, दुसऱ्याला पूर्ण तारीख लागते. अशा वेळी शेकडो नोंदी हाताने बदलण्याचे कारण उरत नाही.

अनेक वर्षे चाललेल्या प्रकाशनासाठी दोन वर्षांमध्ये तिरपी रेघ द्यावी. धर्मानंद कोसंबींच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथाचे दोन भाग १९४० व १९४१ मध्ये निघाले. ती नोंद '१९४०/१९४१' अशी होईल. ओल्डेनबर्ग यांनी संपादिलेल्या विनयपिटकाचे पाच खंड १८७९ ते १८८३ या काळात आले व पुढे पुनर्मुद्रित झाले. अशा वेळी हाती असलेल्या प्रतीचे वर्ष 'डेट'मध्ये आणि मूळ काळ 'ओरिगडेट'मध्ये लिहावा. मात्र संचासोबत येणाऱ्या सर्वसाधारण शैली हा दुसरा रकाना आपणहून छापीत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. त्यासाठी तो छापणारी शैली निवडावी लागते.

आता कालगणनांचा प्रश्न. 'डेट'मध्ये इसवी सनाखेरीज अन्य गणना चालत नाही. रूपांतर आपणच करावयाचे असते. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावेत. म्हणजे महिना न दिलेला शके १८६२ हा १९४० किंवा १९४१ असू शकतो. थाई बुद्धसंवतातून ५४३ वजा करावेत. परंतु १९४१ पूर्वी तेथील वर्ष १ एप्रिलला सुरू होत असे, म्हणून २४७० म्हणजे एप्रिल १९२७ ते मार्च १९२८. श्रीलंका व म्यानमार येथील गणना वैशाख पौर्णिमेला बदलते. तेथे पौर्णिमेनंतर ५४४ व तिच्याआधी ५४३ वजा करावे लागतात. म्हणूनच परिनिर्वाणाची २५०० वर्षे तेथे १९५६ मध्ये साजरी झाली, तर थायलंडचे २५०० वे वर्ष १९५७ होय.

जेथे दोन वर्षांचा संदेह राहतो तेथे तिरपी रेघ वापरू नये, कारण तिचा अर्थ 'पासून-पर्यंत' असा होतो. त्याऐवजी अधिक संभाव्य वर्षापुढे प्रश्नचिन्ह टंकावे. काळ केवळ अदमासाने ठरविलेला असेल तर नागमोडी चिन्ह टंकावे. ही चिन्हे सूचीत उमटावीत म्हणून 'डेटअनसर्टन' व 'डेटसर्का' हे पर्याय चालू करावे लागतात. ग्रंथावर छापलेले मूळ वर्ष, उदाहरणार्थ 'शके १८६२', 'नोट' या रकान्यात अवश्य द्यावे. रूपांतर चुकले असेल तर पुढच्या अभ्यासकाला ते त्यावरूनच दुरुस्त करता येईल. ग्रंथावर वर्षच नसेल तर रकाना रिकामा ठेवावा.

इतके करूनही वर्ष सर्व काही सांगत नाही. विसुद्धिमग्गाची हार्वर्ड आवृत्ती १९५० ची आहे. तिचे मूळ संपादक वॉरन १८९९ मध्ये आणि तिचे संस्कर्ते कोसंबी १९४७ मध्ये निवर्तले होते. कोसंबींनी स्वतंत्रपणे सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती मात्र १९४० मध्येच भारतीय विद्या भवनाकडून आली होती. केवळ '१९५०' पाहणाऱ्याला या श्रमांचा क्रम उमगणार नाही. अशा ठिकाणी 'नोट'मध्ये एक ओळ लिहिण्याचे काम संपादकाचेच आहे. ते कोणतीही आज्ञावली करू शकत नाही.