चपलाचोर आणि सुलिस मिनर्व्हा

गेल्या आठवड्यात देवळाबाहेरून माझ्या नव्याकोऱ्या चपला गेल्या. अनवाणी घरी येताना आठवली इंग्लंडमधल्या बाथ शहराची देवी, सुलिस मिनर्व्हा!

सुलिस ही तिथल्या केल्टिक लोकांची गरम झऱ्याची देवी. रोमन आले, त्यांना ती आपल्या मिनर्व्हासारखी वाटली. त्यांनी दोन्ही नावं जोडली आणि झऱ्याशेजारी देऊळ बांधलं. झरा अजून वाहतोय. पाणी साधारण ४६ अंश, रोज दहा लाख लिटरच्या वर.

पण खरी गंमत झऱ्याच्या तळाशी सापडली. शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाचे पातळ पत्रे, जवळपास १३०. त्यावर टोकदार लेखणीने कोरलेली गाऱ्हाणी! लिहायचं, गुंडाळी करायची आणि पाण्यात टाकायची. काहींनी तर अक्षरं उलटी लिहिलीत.

तक्रारी बहुतेक चोरीच्या. स्नानाला आलेल्यांचे कपडे, झगे, पैसे. डोकिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले; चोराची बुद्धी आणि डोळे जावोत, असं त्याने देवीला सांगितलं. हातमोज्यांसाठी डोळे! चोर कोण हे माहीत नसलं तर 'पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र' अशी पळवाट बंद करणारी वाक्यं. वकिली डोकं म्हणतात ते हे.

देवीचं सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझचं मस्तक १७२७ मध्ये गटार खोदताना मिळालं. आता ते तिथल्याच संग्रहालयात आहे.

मी अजून पत्रा लिहिलेला नाही. केल्टिक देवींबद्दल काही विचारायचं असेल तर कॉमेंटमध्ये विचारा.