मोडी वाचणारे यंत्र

मोडी लिपीतील हस्तलिखित मजकूर संगणकाला वाचता यावा, यासाठीच्या प्रयत्नांना गेल्या काही वर्षांत वेग आला आहे. पुण्याचे पेशवे दप्तर, तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आणि जुन्या घरांतल्या पेट्या मिळून कोट्यवधी मोडी कागद शिल्लक आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले, पण दप्तराच्या मानाने तो अगदी थोडा भाग होता. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली आणि सराईत वाचक कमी होत गेले.

युनिकोडमध्ये मोडीला स्वतंत्र जागा मिळाली ती 2014 साली. तोवर मोडी मजकूर संगणकावर ठेवायचा तर चित्र म्हणून, नाहीतर देवनागरी अक्षरांवर मोडी वळणाचा फॉन्ट चढवून. शोध घेता येईल असा खरा मोडी मजकूर तेव्हापासून शक्य झाला.

कसोटी मात्र हस्ताक्षराची आहे. लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढी आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्दांमध्ये जागा नसे, विरामचिन्हे नसत. देवनागरीत शिरोरेघ तुटली की शब्द संपल्याचे यंत्राला कळते. मोडीत हा आधारच नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नसल्याने ‘दिन’ की ‘दीन’ हे संदर्भावरूनच ठरते. शिवाय संक्षेप, फारसी शब्द आणि शुहूर सन या जुन्या कालगणनेची इहिदे, इसन्ने, सलास अशी अरबी अंकनामे. शिवकाळातले वळण पेशवाईत बदलले, इंग्रजी अमलात आणखी बदलले.

सुरुवातीच्या बऱ्याच संशोधनात सुटी अक्षरे ओळखण्यावर भर होता. एकेक अक्षर वेगळे काढून दिले की यंत्र ते बऱ्यापैकी ओळखते, पण खऱ्या पत्रात अक्षर वेगळे काढणे हेच तर अवघड असते. म्हणून आता मजकुराचे चित्र देऊन थेट देवनागरी लिप्यंतर मागण्याची पद्धत पुढे आली आहे. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी 2025 मध्ये अशी एक प्रणाली मांडली आणि तिच्यासाठी शिवकाळ, पेशवाई आणि इंग्रजी अमल या तिन्ही काळांतील 2,000हून अधिक चित्रे व त्यांची लिप्यंतरे यांचा संच तयार केला. हे पाऊल मोलाचे आहे. तरी कोट्यवधी कागदांपुढे हा संच लहान आहे आणि तो वाढवायला पुन्हा मोडी जाणणारी माणसेच लागतात. पुराभिलेख संचालनालयाच्या आणि इतर संस्थांच्या मोडी वर्गांचे महत्त्व त्यामुळे यंत्र आल्यावर वाढले आहे.

नव्या प्रणालींचा एक दोष अधिक गंभीर आहे. त्या भाषेच्या सवयीवरून पुढचा शब्द ताडतात. जुन्या प्रणालीची चूक निरर्थक अक्षरांमुळे लगेच दिसे. नवी प्रणाली चुकते तेव्हाही वाक्य सरळ आणि पटणारे असते. गावाचे नाव बदलले, रकमेतला एक आकडा हुकला, तर मूळ कागद समोर नसलेल्या अभ्यासकाला संशय येण्याचे कारण नाही. वतनाच्या किंवा जमिनीच्या कागदात अशी चूक इतिहासच नव्हे, एखाद्याचा हक्कही बदलू शकते. म्हणून यंत्राने केलेले कोणतेही मोडी लिप्यंतर मूळ पानाच्या छायाचित्राशिवाय आणि ते तपासणाऱ्याच्या नावाशिवाय प्रसिद्ध होऊ नये.