चाकांवरील घर आणि थंडी

जालन्याच्या मातींत वाढलेल्या आपणां सर्वांस थंडीची ओळख तशी वरवरचीच आहे. पौषांतल्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, शेकोट्या पेटतात, वाकळी बाहेर निघतात, आणि सूर्य वर येतांच सारें विसरलें जातें. परंतु हिमाचलांतील स्पिती किंवा लडाख या प्रदेशांत हिवाळ्याच्या रात्रीं पारा शून्याखालीं वीस अंशांपर्यंत जातो. तेथें आपल्याच मोटारींत राहून प्रवास करण्याची हौस अलीकडे मराठी कुटुंबांतहि दिसूं लागली आहे. 2021 सालीं महाराष्ट्र शासनानें अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरणहि जाहीर केलें. जुनी बंद मोटार घेऊन तिचें थंडींत राहण्याजोगें घर कसें करतात, आणि त्यांत जिवावर बेतणारी चूक कोणती, हें विद्यार्थ्यांस व पालकांस समजावें म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम गाडीची निवड. साध्या मोटारींत इंजिनाचें बळ दोनच चाकांस मिळतें. तीं बर्फावर घसरलीं कीं चाकें जागच्या जागीं गरगरतात. जिला बाजारांत 'फोर बाय फोर' म्हणतात त्या गाडींत हें बळ चारही चाकांस देतां येतें, म्हणून ती चढावर टिकून राहते. मात्र एक गोष्ट विसरूं नये. ब्रेक सर्वच गाड्यांत चारही चाकांस लागतात. म्हणून उतारावर अशी गाडी इतरांइतकीच घसरते. जुनी गाडी घेतांना रंगाची चकाकी न पाहतां खालीं वाकून सांगाडा पाहावा. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत राहिलेल्या गाडीचा पत्रा आंतून गंजतो. आपल्या कोरड्या मराठवाड्यांतील गाडी त्या मानानें बरी निघते.

आतां मुख्य प्रश्न उबेचा. आपलें शहर लोखंडी सळईच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तीच सळई मे महिन्यांत हातास चटका देते व जानेवारींत बोटें गारठविते, कारण पोलाद उष्णता फार त्वरेनें वाहून नेतें. लोकरींतून जितकी उष्णता जाते, तिच्या हजारपटीहून अधिक पोलादांतून जाते. गाडीची भिंत म्हणजे पोलादाचा पातळ पत्रा. आंतील ऊब त्यांतून सहज निघून जाते. धनगराची घोंगडी ऊब निर्माण करीत नाहीं. ती आपल्या तंतूंत हवा कोंडून ठेविते, आणि स्थिर हवा ही उष्णतेची वाट अडविते. गाडीसहि अशीच घोंगडी पांघरावी लागते. गंज खरवडून, गंजरोधक रंग लावून, पत्र्याच्या आंतल्या अंगास लोकरीचा अथवा फोमचा थर बसवावा व त्यावर प्लायवूड ठोकावें. जमीन व छत यांस विसरूं नये. कांचा तर सर्वांत दुबळ्या. त्यांस रात्रीं जाड पडदे बेताचे कापून घट्ट बसवावे.

दुसरा शत्रु ओलावा. एका माणसाच्या श्वासांतून व घामांतून रात्रभरांत सुमारें पाव लिटर पाणी हवेंत जातें. तें थंड पत्र्यास लागून थेंब होतें, थरांत मुरतें, आणि एकदोन हिवाळ्यांत गाडी आंतून कुजते. यास्तव बाहेर कितीहि थंडी असो, छताजवळ एक व खालीं एक अशीं दोन झरोकीं उघडीं ठेवलींच पाहिजेत. आरंभीं हें वेडेपणाचें वाटतें. पण कोरडी थंडी ओल्या उबेपेक्षां सुसह्य असते.

आणि आतां ती जीवघेणी चूक. थंडी असह्य झाली म्हणजे बंद जागेंत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याचा मोह होतो. कोळसा अपुऱ्या हवेंत जळतांना कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्टपणें चिकटतो. आधीं डोकें जड होतें, मग गुंगी येते. झोपलेल्यास तर हेंहि कळत नाहीं, आणि सकाळीं तो उठतच नाहीं. म्हणून झोपतांना गाडींत कोणतीहि उघडी ज्योत नको. डिझेलवर चालणारी जी बंदिस्त भट्टी मिळते, ती ज्वलनाची हवा बाहेरून घेते व धूर बाहेरच सोडते. तीच घ्यावी, तिची धुराची नळी बर्फानें बुजली नाहीं हें रोज पाहावें, आणि या वायूची सूचना देणारें यंत्र उशाजवळ लावावें.

थंडी वस्तूंचे स्वभावहि बदलते. स्वयंपाकाच्या गॅसांतील ब्युटेन शून्याच्या आसपास वायुरूप होणेंच सोडतो, व चूल मंदावते. साध्या डिझेलांत मेण धरतें. म्हणूनच 2019 सालीं इंडियन ऑइलनें लडाखसाठीं खास हिवाळी डिझेल काढलें. लिथियमची बॅटरी शून्याखालीं भारित केल्यास बिघडते. पाण्याची टांकी आंतल्या उबेंतच ठेवावी.

शेवटीं कायदा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वयें गाडीच्या रचनेंत बदल करावयाचा तर नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याची संमति लागते. सुताराकडे जाण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत जावें. सामान चढवितांना एकंदर वजन मर्यादेबाहेर जाऊं देऊं नये.

वाचकहो, लडाखास आपल्यापैकीं थोडेच जातील. परंतु मंठा, अंबडकडील अनेक कुटुंबें दर हिवाळ्यांत ऊसतोडीस निघतात व चार-पांच महिने पाचटाच्या कोपींत काढतात. चाकांवर संसार लादून थंडीस तोंड देणें हें त्यांस हौसेचें नाहीं, पोटाचें आहे. घोंगडी, झरोका व शेगडी यांविषयीं येथें जें सांगितलें तें त्यांच्या कोपीस, आणि आपल्या घरांतील बंद खोलीसहि, तितकेंच लागू आहे. या लेखांतील इतर सारें विसरलें तरी चालेल; पण आज रात्रीं घरीं कोणी दार लावून शेगडीजवळ निजणार असेल, तर ती बाहेर नेऊन ठेवावी.