बोट वाकले पाहिजे, पगारही चालू राहिला पाहिजे

भोसरी असो, सातपूर असो, वाळूज असो की हिंगणा, आपल्या वस्त्यांतील कितीतरी हात पॉवर प्रेस, लेथ आणि कटिंग मशीनवर चालतात. मशीनमध्ये बोट सापडले की धावपळ होते, ऑपरेशन होते, टाके पडतात. टाके निघाले की घरचे म्हणतात, "चला, बरा झाला." वस्तीत काम करताना आम्हाला दिसते ते त्याच्या पुढचे. जखम भरलेली असते, पण मूठ वळत नाही. पाना धरता येत नाही, शर्टाचे बटण लावता येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी दोन-तीन खेपांनंतर थांबलेली असते.

कारण विचारले की दोन उत्तरे मिळतात. एक: "रोज दवाखान्यात गेलो तर खाडा पडतो, घर कसे चालणार?" दुसरे हळू आवाजात येते: "बोट नीट झाले तर भरपाई कमी मिळेल." या दोन्ही उत्तरांचा हिशेब आज मांडू.

खाड्याचा हिशेब

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याबद्दलचा प्रा. अडारकर यांचा अहवाल त्याच काळात, 1944 साली आला. पुढे 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण म्हणतो तो ईएसआयचा कायदा झाला. ज्यांचा महिन्याचा पगार 21,000 रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. म्हणून ईएसआयच्या दवाखान्यात जाताना मान खाली घालू नये. तो आपल्या घामाचा पैसा आहे.

कामावर अपघात झाला आणि अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडाले, तर सरासरी रोजच्या पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते. नोकरीचा पहिलाच दिवस असला तरी हा हक्क आहे. ईएसआयचे डॉक्टर जोवर "कामास असमर्थ" असे सर्टिफिकेट देतात, तोवर ही रक्कम चालू राहते. हात अजून चालत नसेल तर फिजिओथेरपीचे दिवसही त्यात येतात. महिना 12,000 पगार असेल तर रोजचे साधारण 360 रुपये होतात. म्हणून प्रत्येक तारखेला सर्टिफिकेट वाढवून घ्या. मुकादमाच्या सांगण्यावरून आधीच "फिट" लिहून घेऊ नका.

पण एक अट आहे. अपघात कामावरचा म्हणून नोंदवला गेला पाहिजे. काही ठिकाणी सुपरवायझर सांगतो, "दवाखान्यात घरी पडलो असे सांग, खर्च आम्ही बघतो." तसे सांगितले की तो साधा आजार ठरतो. मग 70 टक्केच मिळतात, तेही वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस, आणि कायमच्या अपंगत्वाचा हक्क हातचा जातो. म्हणून त्याच दिवशी अपघाताच्या वहीत नोंद करायला लावा. केसपेपरवर "कंपनीत मशीनवर" हे शब्द लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. कंत्राटी कामगारांनाही हे सर्व लागू आहे.

भरपाईचा हिशेब

कायद्याच्या तक्त्यात पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के गेली, अंगठा गेला तर 30 टक्के, असे ठरवलेले आहे. बोट जागेवर आहे पण पूर्णपणे आणि कायमचे निकामी झाले, तर तेही गेल्यासारखेच धरतात. मग बोट आखडू द्यावे का? 12,000 पगारावर तर्जनीचे महिन्याला सुमारे 1,512 रुपये होतात. तेवढ्यासाठी 12,000 कमावणारा हात कोणी सोडून देतो का? शिवाय वैद्यकीय मंडळ फिजिओथेरपीचे कागद पाहते. नियमित जाऊनही बोट वाकले नाही, हे कागदावर असले की आपली बाजू भक्कम होते. उपचार अर्धवट सोडले तर तीच बाजू लंगडी पडते.

घरी काय करावे

सूज हा हाताचा पहिला शत्रू. बसताना, झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. प्लास्टर असले तरी मोकळी बोटे, कोपर आणि खांदा डॉक्टरांना विचारून दिवसातून अनेकदा हलवा. नाहीतर दुखणे बोटाचे असते आणि आखडतो खांदा.

जखम पूर्ण भरल्यावर, फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावर हात दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवा. बोट बधिर असेल तर पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, भाजलेले कळत नाही. मग अंगठा एकेका बोटाला लावा, मूठ वळा, उघडा. हरभरे उचलून वाटीत टाका, जमू लागले की तांदळाचे दाणे घ्या. पुढे कणीक मळणे, ओले फडके पिळणे. व्रणावर खोबरेल तेल लावून बोटाने लहान गोल फिरवा. व्यायामाने थोडे ओढल्यासारखे दुखले आणि अर्ध्या तासात थांबले तर चालते. दुसऱ्या दिवशीही सूज असेल तर व्यायाम जास्त झाला.

बोट हलवणारी दोरी, म्हणजे टेंडन जोडलेले असेल, तर यातले काहीही स्वतःच्या मनाने करू नका. पट्टी काढून मूठ वळली तर जोडलेली दोरी पुन्हा तुटते. मालिशवाल्याकडून बोट ओढून घेऊ नका. बोटे निळी किंवा गार पडली, पू आला, ताप आला, तर लगेच दवाखाना गाठा.

ईएसआय नसेल तर

लहान वर्कशॉप, बांधकाम अशा ठिकाणी बऱ्याचदा ईएसआय नसते. तिथे 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यातले हक्क लागू होतात. हे दोन्ही कायदे आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्र केले आहेत. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो, म्हणून फिजिओथेरपीची प्रत्येक पावती जपा. दावा दोन वर्षांच्या आत करा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास काढा. ज्यांना लिहिता येते त्यांनी जखमींचे अर्ज भरावेत, कागद तारखेप्रमाणे फाइलला लावावेत. रजेवर असलेल्या मुलांनी त्यांच्याबरोबर फिजिओथेरपीला जावे. आजारी भिक्खूची सेवा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली होती, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

जय भीम.